पाटी

हडसनच्या पलीकडे, फोर्ट लीच्या कड्यावर
तेव्हा काचेची छपरं होती.
लांबून वाटायचं, कुणी काकड्या पिकवतंय.
आत आम्ही उजेडावर जगायचो,
आणि हिवाळ्यात तो तीनलाच संपायचा.

मी पाट्या लिहायचे. काळ्या पुठ्ठ्यावर पांढरी अक्षरं:
'दुसऱ्या दिवशी सकाळी.' 'पण नियतीच्या मनात...'
आठवड्याला नऊ डॉलर.
ओळ लांबली की मालक म्हणायचे,
मिस डॅगेट, लोक इथे वाचायला येत नाहीत.

गेट्झल वोल्चिन आधी काजं करायचा,
रिव्हिंग्टन स्ट्रीटवर, तळघरात.
पडद्यावर त्याचं नाव गॉर्डन रेडफील्ड.
ते पहिल्यांदा मीच लिहिलं,
शेवटच्या अक्षराला जरा शेपूट काढून.
त्यानं पाटी धरली, दुसऱ्याचा कोट
आरशासमोर अंगाला लावून बघावा तशी.

जिभेला हाड नसतं म्हणतात.
त्याच्या जिभेला होतं, आणि ते आमच्या इंग्रजीत अडकायचं.
म्हणून तो सगळं हातांनी सांगायचा.
जानेवारीत, पटकथेत जून असताना,
नटांना तोंडात बर्फाचा खडा धरायला लावायचा,
श्वासाची वाफ कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून.
पहिला खडा स्वतःच्या तोंडात.

सतराच्या हिवाळ्यात
त्यानं एजवॉटरहून एक धोबीण आणली,
मिसेस ब्रॉफी, लाल मनगटांची.
म्हणाला, खांदे आईचे आहेत.
कथेत नसलेला प्रसंग: टेबलावर दोन मेणबत्त्या,
ज्योतींवरून हात तीनदा स्वतःकडे ओढायचे,
मग तळव्यांनी डोळे झाकायचे.
नऊ वेळा घेतला. फिल्म फुटाला चार सेंट,
मालक दाराशी घड्याळ काढून उभे.
'सावकाश,' तो म्हणत राहिला,
'झोपलेल्या पोरावर पांघरूण ओढतेस, असं.'

रीळ माझ्याकडे आलं. मी विचारलं नाही कुणाला.
लिहिलं: 'आणि आई रडली.'
तीन शब्द. मालक खूश.

न्यूअर्कच्या थिएटरात बायांनी रुमाल काढले.
तो मागे भिंतीशी उभा, टोपी हातात.
जमली का पाटी, मी विचारलं.
म्हणाला, अक्षर छान आहे.

दोन वर्षांनी पत्र आलं,
आईचं नव्हे, शेजारच्या खाटकाच्या हातचं.
गावाचं नाव मला आजही उच्चारता येत नाही.
तो माझ्या टेबलाशी आला, शाईची बाटली
इकडून तिकडे सरकवली.
'शुक्रवारी ती रडत नसे, मिस डॅगेट.
आशीर्वाद म्हणून होईतो
उजेड बघायचा नसतो, एवढंच.'

बदलू का, मी म्हटलं. अजून बदलता येईल.

'नको,' तो म्हणाला. 'आता बरोबर आहे.'

मग कोळसा महागला, कंपनी पश्चिमेला गेली, तोही.
तिकडे बरेच सिनेमे केले असावेत, एक कुत्र्याचा.
पुढे पडदा बोलू लागला
आणि कुणीतरी त्याला म्हणालं,
जरा बोलून दाखवा, मिस्टर रेडफील्ड.
रिळं चांदीसाठी उकळली. बादलीभर रिळांतून
चमच्याइतकी निघते म्हणे.

मी आता हॅकेनसॅकला, वाण्याच्या दुकानात भाव लिहिते.
बटाट्याची पाटी कुणाला रडवत नाही.

बटणांच्या डब्यात मात्र आठ चौकटी आहेत,
चौथ्या वेळच्या, कापून टाकलेल्या.
डबा उघडला की कापराचा वास येतो.
खिडकीशी धरल्या की दिसतं:
मिसेस ब्रॉफी बोटांच्या फटीतून
कॅमेऱ्याच्या बाजूला बघतेय, हसू दाबून,
बरोबर करतेय ना मी, असं त्याला विचारत.

त्याच्यापुढे पाटी नाही.